गोळी लागल्यानंतरची पहिली मिनिटे
सशस्त्र सुरक्षा कर्मचाऱ्यांना जीवरक्षक उपचार किती शिकवावेत, या प्रश्नाचा आढावा

खासगी सुरक्षा रक्षकाने कामावर रुजू होण्याआधी १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर शिकावे, अशी चौकट २००६ च्या केंद्रीय नमुना नियमांनी आखून दिली. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायद्याखालचे हे नियम. विषयांची यादी लांबलचक आहे : गणवेश आणि वागणूक, अग्निशमन, गर्दीचे नियंत्रण, ओळखपत्रे तपासणे, स्फोटके ओळखणे, इतकेच काय, पोलीस आणि लष्करातल्या हुद्द्यांची चिन्हे ओळखणेसुद्धा. त्याच यादीत एका शब्दात ‘प्रथमोपचार’ येतो. त्याला किती तास द्यायचे, त्यात नेमके काय शिकवायचे, ते पुन्हा कधी उजळायचे, यावर नमुना नियम काही बोलत नाहीत. तपशील राज्यांच्या नियंत्रक अधिकाऱ्यांवर सोडला आहे. शस्त्र हाताळणे हा यादीतला ऐच्छिक विषय. पण ज्याच्या हाती बंदूक येणार त्याला नेहमीपेक्षा वेगळा प्रथमोपचार यायला हवा, असा विचार तिथे दिसत नाही.

तसा तो यायला हवा का, आणि हवा तर किती, यावर गेली तीसेक वर्षे जगभर चर्चा चालू आहे. तिच्यातला बराच गोंधळ एका कारणाने होतो. ‘सशस्त्र सुरक्षा कर्मचारी’ म्हणताना आपण तीन वेगळी माणसे एका रांगेत उभी करतो. पहिला जंगलात गस्त घालणारा कमांडो किंवा निमलष्करी जवान, दुसरा शहरातला सशस्त्र पोलीस, आणि तिसरा बँकेच्या दारातला किंवा रोकड वाहून नेणाऱ्या गाडीतला बंदूकधारी रक्षक. तिघांना होणाऱ्या जखमा वेगळ्या, रुग्णालयाचे अंतर वेगळे, सोबत असणारी माणसे वेगळी. पुरावा मात्र बहुतांश पहिल्याविषयीचा आहे, आणि तोही परदेशातला.

टूर्निकेटचे पुनरागमन

हाताला किंवा पायाला करकचून आवळून रक्त थांबवणारा पट्टा, म्हणजे टूर्निकेट, हे जुने साधन आहे. फ्रेंच शल्यविशारद झाँ-लुई पेटी यांनी स्क्रू फिरवून आवळायची आवृत्ती १७१८ मध्ये पुढे आणली. पण विसाव्या शतकातल्या बहुतेक प्रथमोपचाराच्या वर्गांत या पट्ट्याबद्दल धाकच घातला जाई. पट्टा फार वेळ राहिला तर अवयव गमवावा लागतो, म्हणून आधी दाब द्या, अवयव उंच धरा, आणि पट्टा अगदी शेवटी. आपल्याकडच्या कित्येक पोलिसांनी आणि होमगार्डांनी हेच पाठ केलेले असते.

हा क्रम उलटा झाला तो अमेरिकी लष्करात. व्हिएतनाम युद्धातल्या मृत्यूंचा अभ्यास करून रोनाल्ड बेलमी यांनी १९८४ मध्ये दाखवले की रणांगणावर जाणाऱ्या जिवांपैकी काही निव्वळ हातापायांतून वाहिलेल्या रक्ताने जातात, आणि ते वाचवता येण्याजोगे असतात. ऑक्टोबर १९९३ मधल्या मोगादिशूच्या चकमकीत जखमींना बराच काळ बाहेर काढता आले नाही, तेव्हा हा धडा पुन्हा समोर आला. १९९६ मध्ये फ्रँक बटलर आणि सहकाऱ्यांनी ‘टॅक्टिकल कॉम्बॅट कॅज्युअल्टी केअर’ची मांडणी प्रसिद्ध केली. पुढे तिचे आद्याक्षरी नाव, टीसीसीसी, सर्वत्र रुळले.

या मांडणीचा गाभा वैद्यकीय आहे त्यापेक्षा जास्त व्यवहारी आहे. गोळीबार चालू असताना, आडोसा मिळाल्यावर आणि जखमीला नेताना, अशा तीन टप्प्यांत काय करायचे ते वेगवेगळे ठरते. पहिल्या टप्प्यात प्रतिकार करायचा, आडोसा गाठायचा आणि हातापायातून जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तर पट्टा आवळायचा. बाकी काही नाही. श्वासमार्ग, छातीची जखम, शरीराची ऊब हे सगळे नंतर. आधी श्वास आणि मग रक्त, हा रुग्णालयातला क्रम इथे बदलला, कारण मांडीची मोठी रोहिणी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो आणि तेवढ्यात डॉक्टर येत नसतो.

पुरावा हळूहळू जमला. बगदादच्या लष्करी रुग्णालयात टूर्निकेट लावलेल्या २३२ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये आला. शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्याच्या अवस्थेत, जाण्याआधी पट्टा लागलेल्यांपैकी ९० टक्के जगले, शॉकनंतर लागलेल्यांपैकी १० टक्के. आणि केवळ पट्ट्यामुळे कुणाचा अवयव गेला नाही. दुसरा अभ्यास अमेरिकी लष्कराच्या ७५व्या रेंजर रेजिमेंटचा. या दलाने डॉक्टर आणि वैद्यकीय शिपायांपुरते न थांबता प्रत्येक सैनिकाला, आणि महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक कमांडरला, टीसीसीसी शिकणे सक्तीचे केले. २००१ ते २०१० मधल्या त्यांच्या ४१९ जखमींमध्ये ३२ मृत्यू झाले, आणि रुग्णालयापूर्वीच्या अधिक उपचाराने टळला असता असा त्यांत एकही नव्हता. हा आकडा टीसीसीसीचे समर्थक आवर्जून सांगतात. त्यात एक बारकावा आहे : रेंजर हे निवडक, सतत सराव करणारे दल आहे, आणि त्यांच्यामागे हेलिकॉप्टरे उभी असतात.

२०१२ मध्ये ब्रायन ईस्टरिज आणि सहकाऱ्यांनी इराक-अफगाणिस्तानातल्या ४,५९६ मृत्यूंचे विश्लेषण केले. रुग्णालयात पोचण्याआधी गेलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के वाचण्याची शक्यता होती आणि त्यांतले ९१ टक्के रक्तस्रावाने गेले. पण पुढचा आकडा अनेकदा गाळला जातो. त्या रक्तस्रावांपैकी हातापायांतले १३.५ टक्केच. दोनतृतीयांश धडातले होते, उरलेले जांघ आणि काख यांसारख्या ठिकाणचे, म्हणजे जिथे पट्टा आवळताच येत नाही. टूर्निकेटने आपले काम चोख बजावले. हातापायांच्या रक्तस्रावाचे मृत्यू २००६ पूर्वीच्या वर्षाला सरासरी २३ वरून २०११ मध्ये तीन-चारवर आले. धडातल्या रक्तस्रावाला मात्र शिपायाच्या हाती आजही फारसे उत्तर नाही.

आपल्याकडे काय आहे

भारतीय लष्करात ‘बॅटल फील्ड नर्सिंग असिस्टंट’ म्हणून लढाऊ शिपायांमधूनच काहींना जादा प्रशिक्षण देण्याची पद्धत आहे, आणि प्रत्येकाजवळ फील्ड ड्रेसिंग असते. निमलष्करी दलांत प्रश्न ऐरणीवर आला तो नक्षलग्रस्त भागातल्या मोठ्या हानीनंतर. छत्तीसगडमध्ये ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटल्यात ७६ जवान मारले गेले, २४ एप्रिल २०१७ रोजी बुरकापालला २५. डीआरडीओच्या ‘इन्मास’ या संस्थेने २०१९ मध्ये जखमेवर लावायचा सीलंट, जास्त रक्त शोषणारी पट्टी आणि ग्लिसरिनयुक्त सलाइन अशी ‘कॉम्बॅट कॅज्युअल्टी ड्रग्ज’ जाहीर केली. जानेवारी २०२१ मध्ये अरुंद वाटांवरून जखमीला आणण्यासाठी ‘रक्षिता’ ही दुचाकी रुग्णवाहिका सीआरपीएफला दिली. साधनांची ही वाटचाल नोंदण्याजोगी आहे. प्रशिक्षणाबद्दल एवढे स्पष्टपणे सांगता येत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने भेडसावतो तो गडचिरोलीत. १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या सी-साठ या पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाचे जवान बहुतांश स्थानिक. जंगल, वाटा आणि बोली जाणणारे. २००९ या एकाच वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे मिळून ४८ पोलीस गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंगाने १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक अशा १६ जणांचा बळी घेतला. अशा स्फोटात प्रथमोपचाराला वावच उरत नाही, हेही मान्य करायला हवे. चकमकीचे तसे नसते. नोव्हेंबर २०२१ मधल्या मर्दिनटोल्याच्या चकमकीतले चार जखमी जवान आणि जुलै २०२४ मधल्या वांडोलीच्या चकमकीतले जखमी हेलिकॉप्टरने नागपूरला हलवले गेले. गोळी लागल्यापासून हेलिकॉप्टर उतरण्याजोग्या मोकळ्या जागेपर्यंतचा वेळ मात्र सोबतच्या जवानांनाच काढावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, आणि ढग उतरले की हेलिकॉप्टरचाही भरवसा नसतो. तिथे जखमेनंतरच्या पहिल्या तासासाठीचा ‘सुवर्ण तास’ हा शब्द सैलच वापरावा लागतो.

शहराची गोष्ट वेगळी. मुंबईवरच्या हल्ल्यात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी रंगभवनच्या गल्लीत पडले, ती जागा कामा रुग्णालयाला लागून आहे आणि सेंट जॉर्ज व जीटी ही रुग्णालयेही जवळच आहेत. मदत पोचायला किती वेळ लागला यावर पुढे वाद झाला. अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता यांनी ‘टू द लास्ट बुलेट’ या पुस्तकात तो प्रश्न पोलिसांच्याच नोंदींच्या आधारे उभा केला. त्या जखमा उपचाराने वाचण्याजोग्या होत्या की नव्हत्या, याचा निवाडा इथे करण्याचे कारण नाही. पण रुग्णालय हाकेच्या अंतरावर असले तरी गोळीबाराच्या टापूत ते दूरच असते, हे त्या गल्लीने दाखवले. नंतरची सार्वजनिक चर्चा मुख्यतः शस्त्रे, बुलेटप्रूफ जाकिटे आणि फोर्स वन या कमांडो पथकाची स्थापना यांभोवती फिरली.

राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे; सुरुवातीचा ताफा ९३७ रुग्णवाहिकांचा होता. मात्र गोळीबार थांबल्याची खात्री होईपर्यंत कुठलीही रुग्णवाहिका आत येत नाही, आणि येऊही नये. त्या मधल्या वेळात जखमीजवळ असतो तो बंदूकधारी माणूसच.

मतमतांतरे

पहिले मत : सर्वांना शिकवा, पण थोडेच. सँडी हुक शाळेतल्या हत्याकांडानंतर एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेत हार्टफर्ड येथे शल्यविशारद आणि पोलीस एकत्र बसले आणि रक्तस्राव थांबवणे हे पोलिसाचेही काम आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २०१५ मध्ये त्यातून ‘स्टॉप द ब्लीड’ ही मोहीम निघाली. दाब देणे, जखमेत पट्टी ठासणे आणि टूर्निकेट आवळणे, एवढी तीनच कौशल्ये, काही तासांत. ब्रिटनमध्ये २०१७ च्या मँचेस्टर एरिना स्फोटात २२ जण मारले गेले. त्या चौकशीच्या नोव्हेंबर २०२२ मधल्या अहवालाने स्फोट आणि पुरेसा उपचार यांच्यातल्या पोकळीवर बोट ठेवले. एक जखमी वेळेत उपचार मिळाला असता तर बहुधा वाचला असता, असेही नोंदवले. तिथे दारावरच्या सुरक्षा रक्षकाला २०२१ पासून परवान्याच्या प्रशिक्षणाआधी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते रक्षक निःशस्त्र असतात, तरी अट आहे.

दुसरे मत म्हणते, सगळ्यांना थोडे शिकवून भागत नाही. प्रत्येक तुकडीत एक-दोघे पुरते तयार हवेत. छातीत साठलेली हवा सुईने काढणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणारी नळी नाकातून घालणे, रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सामिक ॲसिड देणे ही त्यांची कामे. या औषधाबाबत ‘क्रॅश-२’ ही चाचणी महत्त्वाची आहे. ४० देशांतल्या वीस हजारांवर रुग्णांची ही चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. भारतातली रुग्णालयेही तीत होती. औषधाने मृत्यू कमी होतात, पण तीन तासांच्या आत दिले तरच; त्यानंतर दिल्यास रक्तस्रावाने मरण्याचा धोका वाढतो, असे पुढच्या विश्लेषणात दिसले. भामरागडच्या जंगलात तीन तास म्हणजे फार नाहीत. म्हणूनच जंगलात काम करणाऱ्या पथकांबाबत हे मत वजनदार ठरते. शहरात त्याचा आग्रह धरण्याचे कारण मला तेवढे दिसत नाही.

तिसरे मत ऐकायला साधे आहे : उपचार करत बसू नका, गाडीत घाला आणि न्या. फिलाडेल्फियाचे पोलीस १९८० च्या दशकापासून गोळी किंवा चाकू लागलेल्यांना आपल्याच गाडीतून रुग्णालयात नेतात. तिथल्या ४,१२२ रुग्णांच्या अभ्यासात, जखमांची तीव्रता लक्षात घेतल्यावर, पोलिसांनी आणलेले आणि रुग्णवाहिकेने आणलेले यांच्या मृत्युदरात फरक आढळला नाही. अमेरिकी लष्करात २००९ मध्ये जखमींना तासाभरात हलवण्याचा आदेश निघाल्यावर नेण्याचा मध्य कालावधी ९० मिनिटांवरून ४३ वर आला आणि मृत्यूही घटले. आपल्याकडे पोलीस व्हॅनमधून जखमीला नेणे ही रोजची गोष्ट आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत गाडीतल्या दोन शिपायांना दाब द्यायला शिकवले आणि कोणत्या जखमेला कोणते रुग्णालय हे ठरवून दिले, तर पहिले आणि तिसरे मत तिथेच एकत्र येते.

चौथा आवाज सावधगिरीचा आहे आणि तो अलीकडे वाढतो आहे. अमेरिकेतल्या १२ सामूहिक गोळीबारांतल्या १३९ मृत्यूंचा २०१६ मधला अभ्यास सांगतो की त्यांतले ७ टक्केच वाचण्याजोगे होते, आणि हातापायाच्या रक्तस्रावाने एकही मृत्यू नव्हता. म्हणजे टूर्निकेटवर उभा असलेला लष्करी धडा शहरात जसाच्या तसा लागू पडत नाही. छातीला जाकीट घातलेला सैनिक आणि सदऱ्यातला नागरिक यांना गोळ्या वेगवेगळ्या ठिकाणी बाधतात. युक्रेनमधला अनुभव दुसरी बाजू दाखवतो. ड्रोनच्या भीतीने तिथे जखमींना हलवायला अनेकदा कित्येक तास लागतात. गरज नसताना लावलेले, किंवा लावून विसरले गेलेले पट्टे अवयव आणि कधी जीवही घेतात, असे शल्यविशारदांनी २०२३ पासून लिहिले आहे. टीसीसीसीचा नियम दोन तासांच्या आत पट्टा बदलून दाबपट्टी लावता येते का ते पाहा आणि सहा तासांनंतर काढू नका, असा आहे. लावायला शिकवणे सोपे, काढायचा निर्णय शिकवणे कठीण. गडचिरोलीसाठी मला हा मुद्दा बगदादच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

शिकलेले टिकते का

मॅसॅच्युसेट्समधल्या एका स्टेडियमवर ४६५ सामान्य माणसांवर चाचणी झाली. प्रत्यक्ष वर्गात शिकलेल्यांपैकी ८८ टक्क्यांनी टूर्निकेट बरोबर लावले. न शिकलेल्यांपैकी १६ टक्क्यांनी. तीन ते नऊ महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा ८८ चे ५४.५ झाले होते. एकदाच दिलेल्या प्रमाणपत्राला किती अर्थ उरतो, हे यावरून कळते.

पोलिसांचा गोळीबाराचा सराव दरवर्षी होतो. नेम लागला की चुकला याची नोंद राहते. रक्त थांबवण्याच्या सरावाला अशी जागा मिळालेली नाही. ती द्यायची तर खर्च फार नाही, पण एका दिवसाच्या बंदोबस्तातून माणसे सोडावी लागतात, आणि कुठल्याही पोलीस ठाण्यात खरी अडचण तीच असते. खासगी क्षेत्रात ती आणखी बिकट. २०१८ च्या नियमांनुसार रोकड वाहून नेणाऱ्या गाडीत चालक आणि दोन कर्मचाऱ्यांखेरीज दोन सशस्त्र रक्षक लागतात. त्यांच्या उजळणीचा दिवस कुणाच्या पगारातून भरायचा, हा प्रश्न एजन्सी आणि बँक एकमेकांकडे ढकलतात. अनेक बंदूकधारी रक्षक माजी सैनिक असतात. त्यांना प्रशिक्षणात सवलत आहे, ४० तास वर्ग आणि १६ तास मैदान. सैन्यातला त्यांचा प्रथमोपचार कोणत्या काळातला आहे, हे कुणी विचारत नाही.

साधनांचाही प्रश्न आहे. प्रमाणित टूर्निकेटच्या हुबेहूब नकला जगभर ऑनलाइन विकल्या जातात; आवळताना त्यांची दांडी वाकते किंवा तुटते. स्वस्त निविदेवर खरेदी होते तिथे हा धोका कागदावर दिसत नाही.

कायद्याचा आडोसा आणि कर्तव्य

मदत करणाऱ्याला संरक्षण देण्याची आपली तरतूद रस्ते अपघातांभोवती घडली आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचनांना बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. पण ते मोटार अपघातातल्या जखमीला, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, स्वेच्छेने मदत करणाऱ्यासाठी आहे. पगारावर उभा असलेला रक्षक गोळीबारातल्या जखमीला हात लावतो, तेव्हा हा आडोसा त्याला मिळतो असे म्हणता येत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०, म्हणजे जुन्या दंडविधानाचे कलम ९२, सद्भावनेने एखाद्याच्या हितासाठी संमतीविना केलेल्या कृतीला काही संरक्षण देते. दाब देण्यापुरते ते बहुधा पुरेल. छातीत सुई घालण्यासाठी पुरेल का, यावर वकिलांत आणि डॉक्टरांत एकमत नाही. डॉक्टरांच्या संघटनांना अशी कामे बिगर-डॉक्टरांच्या हाती देणे एरवीही पसंत नसते.

दुसरी बाजू कर्तव्याची. मुंबईत १९९५ ते १९९७ दरम्यान झालेल्या ९९ चकमकींतल्या सुमारे १३५ मृत्यूंवरून दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी मार्गदर्शक तत्त्वे दिली. चकमकीत जखमी झालेल्या गुन्हेगारालाही वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे, हे त्यांतले एक. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या तत्त्वांतही बळाचा वापर झाल्यावर जखमीला लवकरात लवकर मदत द्यावी असे आहे, मग तो कुणीही असो. म्हणजे ज्याने गोळी झाडली त्याच्यावरच, धोका टळताच, ती जखम दाबून धरण्याची जबाबदारी येऊ शकते. हा भाग प्रशिक्षणात कसा आणावा, यावर अनुभवी अधिकाऱ्यांत दोन तट दिसतात. काहींच्या मते कायद्याच्या तासाला सांगितले की पुरे. काहींच्या मते तो मैदानी सरावातच यायला हवा : आधी शस्त्र दूर करणे, झडती, बेड्या आणि मग उपचार, असा क्रम हाताला सवयीचा झाला नाही, तर ऐनवेळी एकतर उपचार राहून जातो किंवा उपचार करणाराच मारला जातो. मला दुसरी बाजू अधिक पटते, पण कोणता सराव किती परिणामकारक ठरतो याची मोजणी दोन्हीकडे नाही.

न सुटलेले

मोजणीचा हा अभाव सगळ्याच चर्चेच्या मुळाशी आहे. अमेरिकेतला वाद आकड्यांवर चालतो, कारण २००० च्या दशकात तिथे प्रत्येक लष्करी जखमीची नोंदवही उभी राहिली. आपल्या निमलष्करी दलांतल्या मृत्यूंपैकी किती वाचण्याजोगे होते, याचे तसे जाहीर विश्लेषण समोर नाही. शवविच्छेदनाचा अहवाल न्यायालयासाठी लिहिला जातो. मृत्यूचे कारण त्यात असते, जखम केव्हा झाली, पट्टा केव्हा लागला आणि रुग्णालयाचे दार केव्हा गाठले, हे नसते. या तीन वेळा सी-साठच्या पार्टी कमांडरच्या अहवालात किंवा पोलीस ठाण्याच्या डायरीत भरणे अवघड नाही. धडातल्या रक्तस्रावाचे काय, पट्टा काढण्याचा निर्णय कुणी घ्यायचा, बँकेच्या दारातल्या रक्षकाला दोन तास पुरेत की दोन दिवस, यांवरची मते त्या नोंदी जमेपर्यंत परदेशी आकड्यांवरच तोलली जातील.